सिंदखेडराजाची समाधी आणि जमिनीतून निघालेलं मंदिर : दगड वाचायचा कसा?

दरवर्षी १२ जानेवारीला आपल्या अकोला-अमरावतीच्या गावागावातून गाड्या भरून मंडळी सिंदखेडराजाला जाते. जिजाऊ माँसाहेबांचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा. त्या दिवशी राजवाड्यात पाय ठेवायला जागा राहत नाही. दर्शन झालं, सभा ऐकली, फोटो निघाले की गाड्या परत फिरतात. त्याच गावात माँसाहेबांच्या वडिलांची, राजे लखुजीराव जाधवांची समाधी आहे. तिथपर्यंत लय कमी लोक जातात. अन् जे जातात त्यातले काही बाहेरूनच विचारतात, "हा दर्गा हाय का जी?"

प्रश्न विचारणाऱ्याचं चुकत नाही. समोर दगडी चौथरा, त्यावर भलीमोठी चौकोनी वास्तू, कमानी आणि वर घुमट. घुमट दिसला म्हणजे दर्गा आणि शिखर दिसलं म्हणजे मंदिर, असं आपल्या डोळ्याला वळण पडलं आहे. पण चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याचं काम एवढ्या सोप्या हिशेबात बसत नाही. त्यातच २०२४ साली या समाधीच्या परिसरात जमिनीखालून एक जुनं मंदिर आणि एक मोठी विष्णूमूर्ती निघाली. तेव्हापासून ही समाधी नेमकी काय आहे आणि तिच्या जमिनीत काय आहे, हे नीट समजून सांगावं असं मनात होतं.

समाधीत कोण आहे

लखुजीराजे हे सिंदखेडचे देशमुख. जाधव घराणं आपलं मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडतं. लखुजीराजे अहमदनगरच्या निजामशाहीतले मोठे सरदार. मधल्या काळात ते मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत आले. त्या काळी दख्खनच्या सरदारांना असं करावंच लागे. एकीकडून दिल्ली, दुसरीकडून विजापूर, मध्ये मोडकळीला आलेली निजामशाही.

२५ जुलै १६२९ ला दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या हुकमावरून दरबारात लखुजीराजांना मारण्यात आलं. एकट्यांना नाही. मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, एका घरातले चार पुरुष एका दिवशी गेले. त्या वेळी जिजाऊ शहाजीराजांच्या घरी होत्या. पुढं सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. म्हणजे बाप आणि भाऊ मारले गेल्याची बातमी माँसाहेबांना गरोदरपणातच समजली असणार. हा दोन तारखांचा हिशेब समाधीसमोर उभं राहून केला की घुमटाकडं बघायची नजर बदलते.

ही देशातली सर्वात मोठी हिंदू राजाची समाधी, असं सिंदखेडचे लोक अभिमानानं सांगतात. जिजाऊंची स्वतःची समाधी मात्र इथं नाही. त्या १७ जून १६७४ ला रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला गेल्या, समाधी तिथंच आहे. जयंतीला आलेले बरेच जण इथं माँसाहेबांची समाधी शोधत फिरतात म्हणून हे सांगून ठेवतो.

घुमट काहून?

आता गवंड्याची गोष्ट.

आपल्याकडं जुन्या मंदिराला सरसकट हेमाडपंती म्हणतात. या बांधणीत खांब उभे करायचे, त्यावर आडवी दगडी तुळई टाकायची, तुळईवर दगडी फरशा. चुना नाही. दगडाला खाच आणि दगडालाच जीभ, एकात एक बसवायचं. वजनानंच सगळं घट्ट राहतं. पण दगडाची आडवी तुळई फार लांब टाकता येत नाही, मध्ये तडकते. म्हणून जुन्या मंदिराच्या मंडपात खांबांची दाटी दिसते. मोठी मोकळी खोली त्या पद्धतीनं होत नाही.

(नावाबद्दल एक गंमत. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा प्रधान, १२६० नंतरच्या काळातला. आपल्या बार्शीटाकळीच्या जुन्या देवीच्या मंदिरातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा. हेमाडपंत कारभारात यायच्या ऐंशी-एक वर्षं आधी हे "हेमाडपंती" मंदिर उभं होतं. पद्धत आधीची, नाव नंतरचं.)

कमानीचं तंत्र वेगळं. पाचरीसारखे कापलेले दगड अर्धगोलात एकमेकाला टेकवायचे. खालून लाकडाचा आधार द्यायचा, आजच्या भाषेत सेंटरिंग. मधला शेवटचा दगड ठोकून बसवला की आधार काढून घ्यायचा. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि वजन बाजूच्या भिंतीत उतरतं. म्हणून कमानीच्या आणि घुमटाच्या इमारतीच्या भिंती जाड असतात. लोक म्हणतात "पहिलेचे लोक ताकदवान, म्हणून भिती जाड." तसं नाही. घुमट भिंतीला बाहेर ढकलतो. जाड भिंत तो रेटा सहन करायला असते.

खरी अडचण पुढं आहे. खोली चौकोनी आणि घुमट गोल. चौकोनावर गोल टोपलं उपडं ठेवून बघा, चारही कोपरे उघडे राहतात. मग गवंडी काय करतो? चारही कोपऱ्यांत तिरप्या छोट्या कमानी टाकतो. चार कोपरे कापले की चौकोनाचा अष्टकोन झाला. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा कापले की सोळा बाजू. सोळा बाजू म्हणजे जवळपास गोलच. त्यावर घुमट बसतो. कोणत्याही घुमटाखाली गेले की आधी वर बघू नका, कोपऱ्यात बघा. सगळी हुशारी कोपऱ्यात असते.

मला यात सर्वात भारी वाटते ती पुढची गोष्ट. हीच युक्ती मंदिराच्या गवंड्यालाही माहीत होती, फक्त कमानीविना. जुन्या मंदिराच्या मंडपाचं छत खालून पहा. चार तुळयांच्या चौकोनावर कोपऱ्यात चार त्रिकोणी दगड ठेवलेले असतात. त्यानं आतला चौकोन लहान होतो. त्यावर पुन्हा दगड, आणखी लहान. शेवटी मध्ये एकच दगड राहतो, त्यावर कमळ कोरलेलं. चौकोनाचे कोपरे कापत कापत मधापर्यंत जायचं, हे गणित दोघांचं एकच. एकानं ते आडव्या दगडानं सोडवलं, दुसऱ्यानं कमानीनं. त्यामुळं सतराव्या शतकात आपल्याकडच्या कारागिरांना घुमट परका वाटला असेल असं मला तरी वाटत नाही.

अन् त्या काळात मोठ्या माणसाची समाधी कशी बांधायची, याचा सगळ्या दख्खनभर एकच रिवाज होता. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर १६२६ ला गेला, लखुजीराजांच्या तीनच वर्षं आधी. त्याची कबर खुलताबादला आहे, चौकोनी आणि घुमटाची. तिथून जवळच वेरूळला मालोजीराजे भोसल्यांची म्हणून जी समाधी दाखवतात, तिलाही घुमट. एकाच राज्यातले सरदार, एकाच भागातले गवंडी, एकाच खाणीचा काळा दगड. आत कोण आहे त्यावर धर्म ठरतो, घुमटावरून नाही. मुमताज बेगम १६३१ ला आपल्या शेजारच्या बुऱ्हाणपुरात वारली आणि पुढच्या वर्षी आग्र्याला ताजमहालाचं काम सुरू झालं, म्हणजे तोही याच काळातला. तिथं संगमरवर होता, इथं आपला काळा पाषाण.

काळा पाषाण कोरायला कठीण असतो. छिन्नी लवकर बोथट होते. म्हणून वऱ्हाडातल्या या काळच्या इमारतींवर संगमरवरासारखी जाळीदार नाजूक वेल फार दिसत नाही. इथं कोरीव काम थोडं, पण ठसठशीत. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर कमळाचं फूल, सज्जाखाली दगडी घोडे म्हणजे ब्रॅकेट, कुठं हत्ती, कुठं सिंह. हत्तीला पंजात धरलेला सिंह तर आपल्याकडं लय ठिकाणी आहे. गाविलगडच्या दरवाज्यावर सिंह, हत्ती आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. ही राज्याची खूण. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, बहामनी सुलतानाच्या काळात इमाद-उल-मुल्कानं बांधलेला. त्याच्यावर कमळंही आहेत आणि अरबी अक्षरंही. कोरणाऱ्याच्या हाताला दोन्हीची सवय होती.

साडेसात फूट खाली

२०२४ च्या उन्हाळ्यात भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाचं लखुजीराजांच्या समाधीजवळ डागडुजीचं काम सुरू होतं. खोदताना काही घडीव दगड लागले. घडीव दगड म्हटल्यावर कुदळ थांबते आणि ब्रश हातात येतो. हळूहळू खोदत गेले तर एका मध्ययुगीन मंदिराचा पाया उघडा झाला. मग सभामंडपाचा भाग मिळाला. आणखी खाली गेले तेव्हा लक्ष्मीची मूर्ती निघाली. आणि जून महिन्यात शेषशायी विष्णू.

मूर्ती सुमारे २.३ मीटर खोलीवर, म्हणजे साडेसात फूट खाली होती. लांबी १.७० मीटर, उंची १ मीटर. साडेपाच फुटाची म्हणजे उंच माणूस आडवा झोपावा एवढी. विष्णू शेषनागावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपते आहे, आणि सोबत समुद्रमंथनाचा देखावा. त्यात मंथनातून निघालेले घोडा आणि ऐरावत हत्तीही ओळखू येतात.

पुरातत्ववाल्यांनी सर्वात जास्त लक्ष दिलं ते दगडाकडं. हा आपला काळा पाषाण नाही. क्लोराइट शिस्ट नावाचा दगड आहे. हिरवट-करडा, मऊसर, बारीक कोरायला चांगला. दक्षिणेत होयसळांच्या मंदिरांमध्ये असा दगड वापरत. मराठवाड्यात आधी सापडलेल्या अशा शेषशायी मूर्ती काळ्या पाषाणाच्या होत्या. म्हणजे सिंदखेडला मूर्ती तरी दुरून आली किंवा दगड तरी. बैलगाडीच्या जमान्यात एवढं वजन एवढ्या लांबून आणणारं गाव साधं नव्हतं. जाधवांच्या आधीही या गावात पैसा होता, देवळं होती, कारागिरांना बोलवायची ऐपत होती. समाधीजवळचं रामेश्वराचं मंदिर आणि गावातलं नीळकंठेश्वर, दोन्ही जाधवांच्या आधीची. नीळकंठेश्वराचा जीर्णोद्धार लखुजीराजांनी केला असं सांगतात.

मूर्ती निघाल्याबरोबर मोबाइलवर जे मेसेज फिरले ते तुम्हीही वाचले असतील. कोणी म्हणे अमक्यानं पाडलं, कोणी म्हणे तमक्यानं पुरलं. अरे बावा, ते माती सांगते, मेसेज नाही. माती कशी सांगते ते पहा. आपण विहीर खोदतो तेव्हा वर काळी माती, मग चुनखडी, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. विहीर खोदणारा नुसत्या रंगावरून सांगतो किती खाली आलो. पुरातत्ववाले तसंच वाचतात. कोणत्या थरात राख आहे, कोणत्या थरात फुटकी मडकी, कुठं नाणं, कुठं पुराचा गाळ. एखाद्या थरात एखाद्या राजाचं नाणं सापडलं तर त्याच्या वरचं सगळं त्या नाण्यानंतरचं. ज्या थरात मूर्ती, त्या थरावरून ती कधी झाकली गेली हे निघतं.

हेच काम जेसीबीनं केलं तर? मूर्ती निघते, पण थर एकमेकात मिसळतात. मग ती मूर्ती म्हणजे तारीख फाडलेला सातबारा. दिसायला छान, पुरावा म्हणून शून्य.

तुमच्या गावची पांढरी

हे फक्त सिंदखेडचं नाही. आपल्या प्रत्येक जुन्या गावाला दोन जमिनी असतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरी पांढरी काहून झाली? शेकडो वर्षं तिथं माणूस राहिला. चुलीची राख, शेण, मातीच्या पडलेल्या भिंती, सगळं एकावर एक साचलं आणि टेकाड झालं. आधी लोक याच पांढरीची माती बंडीत भरून वावरात टाकत, खत म्हणून. राखेमुळं पीकही चांगलं येई. पण त्या बंडीसोबत मडकी, मणी, कधी मूर्तीचा तुकडा असं गावाचं पुस्तकच वावरात पांगलं. आता बंडीच्या जागी ट्रॅक्टर ट्रॉली आली आहे आणि गढ्यांची माती घराच्या भरावात चालली आहे.

मारुतीच्या पारावर, वेशीजवळ, नाहीतर धुऱ्यावर उभे असलेले कोरीव दगड हा दुसरा साठा. आमच्या भागात यातल्या बऱ्याच दगडांना शेंदूर लागून ते म्हसोबा नाहीतर भैरोबा झाले आहेत. नीट पाहिलं तर ते एखाद्याची समाधीच असतात. राजाला घुमट मिळाला, गावच्या माणसाला दगड.

वीरगळ ओळखायला सोपा. उभा दगड, त्यावर तीन-चार चौकटी. वाचायचा खालून वर. सर्वात खाली लढाई, घोडा, ढाल-तलवार. तिथं गाई कोरलेल्या असतील तर समजा हा माणूस गावाची ढोरं सोडवताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर घेऊन चालल्या आहेत. त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीसमोर हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र-सूर्य किंवा कळस. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याचं नाव राहो. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलंच नाही, ही त्यातली विचित्र गोष्ट.

सतीचा दगड वेगळा. त्यावर कोपरात वाकलेला बाईचा हात असतो, हातात बांगड्या. बाजूला चंद्र-सूर्य. हा दगड इतिहासाचा पुरावा म्हणून जपायचा, नवी पूजा सुरू करायला नाही. सतीचं उदात्तीकरण करणं १९८७ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आणि छत्री? छत्री म्हणजे समाधीच असं नाही. बाळापूरची छत्री सगळ्यांना माहीत आहे, नदीकाठची. मिर्झाराजे जयसिंहांच्या नावाची. सुमारे २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच. पुरंदरचा तह १६६५ ला करणारे हेच मिर्झाराजे. ते १६६७ ला बुऱ्हाणपुरात वारले, तिथं तापीच्या पलीकडं त्यांची वेगळी छत्री आहे. बाळापूर मोगलांचं लष्करी ठाणं होतं, म्हणून इथं त्यांची ही वास्तू. बाळापूरच्या छत्रीखाली कोणी पुरलेलं आहे असं समजून तिथं खोदायला जाणारे लोक आहेत, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

अचलपूरला तर अशा इमारतींची रांग आहे. बिच्छन नदीकाठचा दुल्हा रहमान शाहांचा दर्गा, नवाबांच्या कबरी, गावाबाहेर तलावाच्या मध्ये उभा अष्टकोनी हौज कटोरा. हौज कटोऱ्याचे वरचे मजले उतरवून दगड दुसऱ्या बांधकामाला नेले असं सांगतात. म्हणजे दगड पळवायची सवय नवीन नाही.

रंग, सिमेंट आणि गुप्तधन

जुनी इमारत पडते ती बहुतेक वेळा म्हातारपणानं नाही, आपल्या भक्तीनं.

एका गावात (नाव घेत नाही, लोक आपलेच आहेत) वर्गणी करून जुन्या समाधीचा जीर्णोद्धार केला. कोरीव खांबांवर ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स, बाहेरून सिमेंटचा गिलावा. उद्घाटनाला जेवण दिलं. तीन पावसाळ्यांत गिलाव्याला भेगा पडल्या आणि रंगाच्या पापुद्र्यासोबत दगडाचा पापुद्राही सुटू लागला.

कारण सांगतो. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना वाळूसोबत घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचं पाणी, हिरडा असं काही काही टाकायचं. हा चुना भिंतीतलं पाणी आत घेतो आणि उन्हात बाहेर सोडतो. सिमेंट तसं करत नाही, ते तोंड बंद करतं. पावसाचं पाणी कुठून तरी आत शिरतंच, पण बाहेर निघायला वाट राहत नाही. मग ओल आणि क्षार दगडाच्या पाठीमागं साचतात आणि दगडाला आतून फोडतात. ऑइल पेंटचंही तेच. मशीननं घासून "नवा कोरा" केलेला दगड तर कायमचा गेला, त्याच्यावरची छिन्नीची खूण परत येत नाही. डागडुजी करायचीच असेल तर चुन्यात करा. आधी घुमटावर उगवलेला पिंपळ काढा, तोही नुसता ओढून नाही. मुळं कमानीच्या सांध्यात असतात, ओढली की पाचरीचे दगड सोबत येतात. कापा, मूळ मारा, मग सांधा चुन्यानं भरा.

गुप्तधनाचं तर काय सांगावं. जिथं जुनी समाधी तिथं रात्रीचा खड्डा, हे आपल्या भागात नेहमीचं. कोणी मांत्रिक येतो, लिंबू-नारळ मांडतो, आणि सकाळी चौथऱ्याचे दगड उपसलेले दिसतात. चौथरा पोकळ झाला की घुमटाचा रेटा झेलणारी भिंत खचते. समाधीत धन ठेवायची पद्धतच नव्हती. हिंदू समाधीखाली फार तर अस्थी आणि राख, मुसलमानाच्या कबरीत कफनातला देह. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

वावरात दगड निघाला तर

शेतकऱ्याची भीती मला माहीत आहे. नांगराला मूर्ती लागली आणि सांगितलं तर वावर सरकारजमा होईल, म्हणून माणूस गुपचूप पुरून टाकतो नाहीतर विकतो. तर कायदा काय म्हणतो ते सरळ पहा.

जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. हा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८७८ चा, अजून लागू आहे. वस्तूला मालक नाही असं ठरलं तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, आपसात वेगळं ठरलं नसेल तर. सरकारला ती वस्तू ठेवायची असेल तर वस्तूच्या मालाची किंमत अधिक तिचा पाचवा भाग एवढे पैसे देऊन घेऊ शकतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

एक मूर्ती निघाली म्हणून जमीन संरक्षित होत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात त्यासाठी आधी दोन महिन्यांची नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. स्मारक संरक्षित जाहीर झालं तर मात्र हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, आणि त्यापुढं २०० मीटरमध्ये परवानगीनं. ही अट २०१० च्या दुरुस्तीनं आली. अशा स्मारकाची मोडतोड केली, नाव कोरलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिंदखेडला, बाळापूरला भिंतीवर बाण मारून बदाम कोरणाऱ्या पोरांना हा आकडा सांगा.

दगड दिसला की ट्रॅक्टर थांबवा. मूर्ती धुऊ नका, शेंदूर लावू नका, उचलू नका. जागेवरच मोबाइलनं फोटो काढा. एक जवळून, एक लांबून ज्यात झाड किंवा विहीर दिसेल. शेजारी पायातली चप्पल नाहीतर शाळेची पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. गट नंबर आणि किती फुटावर लागला ते लिहा. मग तलाठी किंवा पोलीस पाटलाला सांगा आणि तहसीलदाराच्या नावानं साधा अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, ती विसरू नका. विदर्भासाठी पुरातत्व सर्वेक्षणाचं ऑफिस नागपूरला आहे, राज्याच्या पुरातत्व संचालनालयाचंही तिथंच. अर्जाची एक प्रत तिकडं टाकली तर काम लवकर हलतं.

मूर्ती गावात राहावी की संग्रहालयात जावी, यावर गावात भांडण ठरलेलं. माझं मत असं की गावात कुलूप, छप्पर आणि रात्रीचा राखणदार असेल तर गावात राहावी, नसेल तर जाऊ द्यावी. चोरीला गेलेली मूर्ती ना गावाची राहते ना संग्रहालयाची.

सिंदखेडराजाला जायचं तर अकोल्याहून पातूर-मालेगाव-मेहकर मार्गे रस्ता आहे, अमरावतीकडच्यांना समृद्धी महामार्ग सोयीचा. जयंतीच्या गर्दीत जाऊ नका. सोयाबीन निघाल्यावर आणि तूर उभी असताना एखाद्या साध्या दिवशी जा. राजवाडा झाला की समाधी, मग रामेश्वर, नीळकंठेश्वर, मोती तलाव, पुतळा बारव आणि काळाकोट. बारवेतले पुतळे बघायला दुपारचं ऊन डोक्यावर असतानाच उतरा, सकाळी खाली अंधार असतो.